भट्टी कधी लावू? एआय एजंटला विजेचा दर विचारताना

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेलं थोडं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मी घरून रेकॉर्ड करत नाहीये. सातपूरच्या एमआयडीसीत, माझ्या मामेभावाच्या शेडमधल्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात बसलोय. मागे जो घूं घूं आवाज येतोय तो माइकचा दोष नाही, खाली भट्टीचा पंखा चालू आहे. एडिटिंगमध्ये काढायचा प्रयत्न करीन. नाही निघाला तर राहू दे, विषय त्याच भट्टीचा आहे.

दादाचा धंदा हीट ट्रीटमेंटचा. आजूबाजूच्या वर्कशॉपमधून गिअर, पिना, शाफ्ट येतात, ते विजेच्या भट्टीत लाल करायचे, आत कार्बन मुरवायचा, मग तेलात बुडवायचे. म्हणजे पृष्ठभाग कडक होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. सातपुरात मायको, म्हणजे आताची बॉश, आली तेव्हापासून तिच्याभोवती अशी छोटी छोटी कामं करणाऱ्या शेडची वस्तीच उभी राहिली. या कामात लोखंड गिऱ्हाइकाचं असतं. आपला मोठा खर्च दोनच गोष्टींचा, माणसं आणि वीज. त्यामुळे दादा रोज एक प्रश्न विचारतो, 'भट्टी कधी लावू?' आणि मी, घरातला कॉम्प्युटरवाला, म्हटलं हा प्रश्न एआय एजंटला विचारू या की.

तर आज विजेचा दर बघून देणारं टूल कसं बनवलं ते सांगणार आहे. आणि त्या टूलने जुलै २०२५ चा पूर्ण महिना दादाला चुकीचं उत्तर कसं दिलं, तेही सांगणार आहे. टूल माझं होतं, चूकही माझीच.

आधी एजंट म्हणजे काय ते थोडक्यात. भाषेचं मॉडेल आपणहून कुठे काही बघायला जात नाही. प्रशिक्षणाच्या वेळी जे वाचलं त्यावर ते बोलतं. त्याला एखादं टूल दिलं, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमचं नाव, तो काय करतो याचं दोन ओळींचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती लागते याची यादी दिली, की मॉडेल ठरवतं, 'हा प्रश्न मला येत नाही, त्या प्रोग्रॅमला विचारतो.' प्रोग्रॅम चालतो, उत्तर परत येतं, ते वाचून मॉडेल तुमच्याशी बोलतं. अशी टूल्स जोडायची एक खुली पद्धत अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची. एकदा त्या पद्धतीने टूल लिहिलं की वेगवेगळे एजंट ते वापरू शकतात. माझं टूल त्याच पद्धतीचं आहे. दादा फोनवर मराठीत बोलतो, एजंट टूलला विचारतो, उत्तर मराठीत येतं.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिलं टूल एका शनिवारी दुपारी इथेच बसून लिहिलं, शेडला सुट्टी होती. पण 'विजेचा दर' हे दोन शब्द फसवे आहेत, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

पहिली फसगत लगेचच झाली. दर शोधायचा म्हटल्यावर इंटरनेटवर सगळ्यात सहज काय मिळतं? वीज बाजाराचा भाव. इंडियन एनर्जी एक्सचेंज २००८ पासून चालू आहे. तिथे उद्याच्या दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा भाव निघतो. आकडे स्वच्छ, रोजच्या रोज, तक्त्यात मांडलेले. प्रोग्रॅमरला आणखी काय पाहिजे! मी ते जोडले आणि एजंट खुशाल सांगायला लागला, 'उद्या दुपारी एक वाजता वीज तीन हजार रुपये आहे.' कारण तो भाव मेगावॉट-तासाला असतो, आणि एक मेगावॉट-तास म्हणजे आपले हजार युनिट. ते दुरुस्त केलं, तीन रुपये झाले. दादा म्हणाला, 'तीन रुपये? कुणाला मिळते रे? मला पत्ता दे त्याचा.'

बरोबर होतं त्याचं. लासलगावला आज कांद्याचा भाव काय निघाला हे तुम्ही सकाळी फोनवर बघू शकता, पण त्या भावाने तुमच्या कॉलनीतला भाजीवाला कांदा देत नाही. एक्सचेंजचा भाव हा लिलावाचा भाव. तिथून थेट वीज घ्यायची तर ओपन अॅक्सेस लागतो, आणि त्याची साधारण अट एक मेगावॉट मागणीची. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी ती १०० किलोवॉटवर आणली. दादाचा मंजूर भार त्याच्याही आत आहे. त्याच्यासाठी तो भाव खरा असूनही बिनकामाचा. टूलने आणलेली माहिती चुकीची नव्हती, प्रश्नच दुसरा होता. एजंटच्या बाबतीत हे फार होतं, आणि पकडायला अवघड जातं, कारण आकडा तपासायला गेलात तर तो बरोबरच निघतो.

मग दादाला लागू होणारा दर कुठे असतो? महावितरणचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. त्याचा आदेश निघतो, शेकडो पानांची पीडीएफ, आणि आपल्याला हवा असलेला तक्ता शेवटी शेवटी कुठेतरी. ब्रिटनमध्ये ऑक्टोपस एनर्जीचा 'अजाइल' नावाचा घरगुती दर आहे, तो दर अर्ध्या तासाला बदलतो, आणि उद्याचे आकडे एपीआयवर कुणीही वाचू शकतं. त्यामुळे तिकडच्या लोकांनी केलेली टूल्स दहा ओळींत संपतात. आपल्याकडे तो पीडीएफमधला तक्ता माणसानेच वाचून उतरवावा लागतो. मी उतरवला. उच्चदाब की लघुदाब, उद्योग की व्यापारी, यंत्रमाग की सर्वसाधारण उद्योग, २० किलोवॉटच्या आत की वर, प्रत्येकाची ओळ वेगळी. त्यावर वहन आकार, मागणी आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आणि या सगळ्यावर वेळेनुसार दर, ज्याला बिलात टीओडी म्हणतात.

दादाचा सगळा खेळ या टीओडीचा. वर्षानुवर्षं हिशेब असा होता: रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट. सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. बाकी वेळ साधा दर. सातपूर-अंबडच्या कुठल्याही भट्टीवाल्याला झोपेतून उठवून विचारा, हे आकडे पाठ असतात.

रात्रीच सूट का? कोळशाचा संच पंख्यासारखा बटण दाबून बंद करता येत नाही. आपल्या एकलहऱ्याचे २१० मेगावॉटचे संच घ्या. ते एका मर्यादेखाली उतरवता येत नाहीत, आणि पूर्ण थंड केले तर पुन्हा चालू करायला वेळही जातो, तेलही जळतं. रात्री लोक झोपतात, मागणी पडते, मग कारखान्यांना म्हणायचं, या, स्वस्तात घ्या. त्या एका दीड रुपयावर नाशिकमधल्या कितीतरी माणसांच्या झोपेचं वेळापत्रक बसलेलं होतं. खाली भट्टीवर जे काका आहेत, त्यांनी नोकरीतली बहुतेक वर्षं रात्रपाळीच केली. त्यांच्या मुलांची शाळा, बायकोचं दवाखान्याचं, सगळं दिवसा झोप मोडून.

मग सौरऊर्जा आली. दुपारी वीज भरपूर, आणि सूर्य मावळला की एकदम ओढाताण. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली: सौर तासांत दर कमी ठेवा, सर्वाधिक मागणीच्या तासांत जास्त. दहा किलोवॉटवरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे रात्रीचं गणित उलटणार हे कागदावर आधीच दिसत होतं.

आता तारखा नीट ऐका, कारण माझी चूक या तारखांमध्ये आहे.

३१ मार्च २०२३ चा आयोगाचा आदेश, त्यात वर सांगितलेले जुने रात्रीचे दर. २८ मार्च २०२५ ला पुढच्या पाच वर्षांसाठी नवा आदेश निघाला, लागू होणार १ एप्रिलपासून. महावितरणने फेरविचार मागितला, २ एप्रिलला आयोगाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि जुनेच दर चालू राहिले. २५ जून २०२५ ला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून त्यातले दर लागू झाले. नव्या रचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत, आणि संध्याकाळी ५ ते रात्री १२ चढा दर. रात्री दहाची ती जुनी सवलत त्या रूपात राहिली नाही.

मी टूल लिहिलं मे २०२५ मध्ये. तेव्हा इंटरनेटवर २८ मार्चच्या आदेशाच्या बातम्या भरपूर होत्या, स्थगितीच्या त्यामानाने कमी. नुसत्या शोधावर सोडलेला एजंट तेव्हा स्थगित झालेले दर सांगत होता. मी मात्र हुशारी केली, स्थगिती बघितली आणि २०२३ चा तक्ता टूलमध्ये टाकला. मे महिन्यात माझं टूल अगदी बरोबर होतं. त्याचा मला अभिमानही होता, एका मित्राला दाखवून झालं होतं.

१ जुलै आला. माझ्या टूलला तारीख कळतच नव्हती. ते फक्त वेळ विचारायचं आणि त्या एकाच तक्त्यातून आकडा द्यायचं. दादा रोज विचारायचा, भट्टी कधी लावू? एजंट रोज सांगायचा, 'रात्री १० वाजता लावा, युनिटमागे दीड रुपया वाचेल.' अगदी नम्रपणे, कारणासकट.

आता भट्टी कशी वीज खाते बघा. सुरुवातीला ती थंड असते, ९०० अंशांच्या वर जायचं असतं, तेव्हा कॉइल पूर्ण ताकदीने ओढतात. दोन-अडीच तास. एकदा तापमान गाठलं की पुढचे पाच-सहा तास नुसतं टिकवायचं, तिथे ओढ बरीच कमी. दादाची मोठी भट्टी ४५ किलोवॉटची. रात्री १० ते १२ या दोन तासांत ९० युनिट. जुन्या दरात त्यावर रोज १३५ रुपये सूट मिळायची. नव्या दरात तेच दोन तास चढ्या दराच्या पट्ट्यात बसले. म्हणजे दिवसभरातली सर्वात जास्त ओढ आम्ही नेमकी महाग वेळात नेऊन ठेवत होतो, आणि पूर्ण जुलैभर ठेवली.

ऑगस्टमध्ये बिल आलं. दादा ओरडला नाही. त्याने बिल माझ्यासमोर ठेवलं, टीओडीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'दर बदलले असं मी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. पण म्हटलं, तुझं मशीन रोज सांगतंय तर ते बघूनच सांगत असेल ना.'

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. टूल नसतं तर त्याने टपरीवरच्या चार माणसांवर विश्वास ठेवला असता, आणि ती चार माणसं बरोबर होती.

मग टूल नव्याने लिहिलं. प्रोग्रॅमर श्रोत्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, बाकीच्यांनी दोन मिनिटं सहन करा.

पहिली गोष्ट, तारीख दिल्याशिवाय टूल उत्तरच देत नाही. प्रत्येक तक्त्याला 'या दिवसापासून' आणि 'या दिवसापर्यंत' अशा दोन तारखा आहेत. २८ मार्चचा तक्ताही आत ठेवलाय, पण 'स्थगित' असा शिक्का मारून, म्हणजे कुणी एप्रिल २०२५ चं जुनं बिल तपासायला घेतलं तर टूल नेमका कोणता तक्ता लागू होता ते सांगू शकतं. आणि तक्त्याची मुदत संपली असेल तर आकडा द्यायचा नाही, 'या तारखेचा दर माझ्याकडे नाही, आयोगाचा ताजा आदेश बघा' एवढंच सांगायचं. हे लिहायला सोपं, पाळायला कठीण निघालं. टूलने 'नाही' म्हटलं की एजंटला मदत करायची इतकी हौस की तो आपल्या आठवणीतून जुना दर काढून द्यायचा! शेवटी टूलच्या वर्णनातच स्पष्ट लिहिलं: उत्तर नसेल तर अंदाजाने दर सांगू नकोस. मॉडेल ते वर्णन वाचतं. आपण प्रोग्रॅमर लोक वर्णनाची ओळ शेवटी कंटाळत लिहितो, पण एजंटसाठी ती ओळ कोडइतकीच महत्त्वाची असते.

दुसरी, घड्याळ. माझा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. इथे संध्याकाळचे ५ म्हणजे तिथे सकाळचे साडेअकरा. एक दिवस टूल दादाला संध्याकाळी सहा वाजता सांगत होतं की सौर सवलत चालू आहे. बाहेर अंधार पडायला आलेला. आता वेळ भारतीयच घ्यायची आणि उत्तरात ती लिहून दाखवायची, म्हणजे माणसालाही चूक दिसते.

तिसरी, गुणाकार-बेरीज एजंटने करायची नाही. टूलच करून देतं. आणि प्रत्येक उत्तराखाली काय धरलेलं नाही ते येतं. इंधन समायोजन आकार महिन्या-महिन्याला बदलतो, तो यात नाही, असं. टूल कुणाच्या खात्यात लॉगिन करत नाही, ग्राहक क्रमांक मागत नाही. फक्त वाचतं.

हे सगळं झाल्यावर पुन्हा इथेच बसून विचारलं, 'उद्या दोन्ही भट्ट्या कधी लावू?' उत्तर आलं: सकाळी ९ ला दोन्ही लावा, तापवण्याचं काम सवलतीच्या वेळात होईल, संध्याकाळी ५ च्या आत तेलात बुडवून मोकळे व्हा. दर बरोबर, तारीख बरोबर, आदेशाचा दिनांकही लिहिलेला. मी खुश.

दादा हसला. 'दोन्ही? एकदम? आणि दिवसा खाली ग्राइंडिंग चालू, कॉम्प्रेसर चालू. मग डिमांड कुठे जाईल?'

मला पटकन कळलं नाही. त्याने समजावलं. बिलात युनिटचे पैसे वेगळे आणि मागणीचे वेगळे. महिन्यात एकदा जरी सगळी यंत्रं एकत्र ओढली गेली, तरी मीटरमध्ये ती सर्वोच्च मागणी नोंदवली जाते, आणि करारातल्या मागणीच्या वर गेलेल्या भागाला मागणी आकार दीडपट लागतो. युनिटमध्ये वाचवलेलं तिथे जातं. रात्री भट्ट्या चालायच्या तेव्हा हा प्रश्नच नव्हता, बाकीची शेड झोपलेली असायची.

म्हणजे टूलने विचारलेल्या गोष्टीचं बरोबर उत्तर दिलं होतं, पण भट्टी लावणं हा फक्त दराचा प्रश्न नव्हता. आता मी टूलमध्ये आणखी एक खिडकी केली आहे. त्या वेळी आणखी कोणती यंत्रं चालू असतील ते एजंटने आधी विचारायचं. दादाने स्वतःच तोडगा काढला: मोठी भट्टी सकाळी ९ ला, तापमान गाठलं की साधारण साडेअकराला दुसरी. पहिली तोवर निवांत झालेली असते. दुसरीचं सायकल छोटं ठेवायचं, म्हणजे तीही पाचपर्यंत आटपते. हे मी एजंटला शिकवलं नाही, दादाकडून शिकून टूलच्या चाचणीत टाकलं.

एक श्रोता विचारत होता, घरच्यांना याचा उपयोग काय? ज्यांच्याकडे टीओडी स्मार्ट मीटर बसलाय त्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते ५ मधल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत लागू झाली. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दुपारी लावा, झालं. त्यासाठी एआय वगैरेची गरज नाही, फ्रिजवर कागद चिकटवा.

काकांचं सांगायचं राहिलं. आता भट्टी दिवसा चालते, त्यामुळे त्यांची रात्रपाळी गेली आणि तिच्याबरोबर रात्रपाळीचा भत्ताही. मला वाटलं होतं, बरं झालं, माणूस रात्री घरी झोपेल. ते मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, 'भाऊ, झोप मिळाली, पण भत्त्यावर पोरीचा क्लास चालला होता.' दादाने भत्त्याचा अर्धा भाग पगारात घातला आहे. उरलेल्या अर्ध्यावर त्या दोघांचं बोलणं चालू आहे, मी मधे पडलेलो नाही. दादाने मला फक्त एवढं विचारलं, रोजचं युनिटमागे नेमकं किती वाचतंय ते तुझं टूल महिनाअखेर काढून देईल का? काकांसमोर ठेवायला पाहिजे.

देईल. तेच लिहायला आज इथे आलोय. खाली पंखा बंद झाला बघा, पाच वाजायला आले. पुढच्या भागात इंधन समायोजन आकाराबद्दल बोलू, त्यावर तुमचे बरेच प्रश्न आलेत. तुमची बिलं जवळ ठेवा. भेटू.